काच सुकेपर्यंत

फुग्याच्या दुकानात एक दिवा होता, हात भाजेल इतका तापणारा. गाडीच्या काचेला ऊन अडवणारी फिल्म लावायला गिऱ्हाईक आलं, की फुग्या काचेचे दोन तुकडे काढायचा, एक नुसता आणि एक फिल्म लावलेला. गिऱ्हाइकाला त्यांच्यामागे तळहात धरायला लावायचा आणि दिवा पेटवायचा. नुसत्या काचेमागचा हात चटका बसल्यासारखा मागे यायचा. "आता तुम्हीच ठरवा," एवढंच तो म्हणायचा. दिवा दाखवल्याशिवाय त्याने कुणाच्या गाडीला हात लावला नव्हता.

जुन्या मित्राच्या, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींच्या गाडीला मात्र लावला. "तुला कसला दिवा दाखवू, घड्याळ्या? तू काय गिऱ्हाईक आहेस?" घड्याळजींना तो आपला मान वाटला. फुग्या हे नावही त्यांनीच ठेवलेलं. पहिल्यावहिल्या गाडीच्या काचेवर त्याने फिल्मखाली हवेचे इतके फुगे ठेवले होते, की मालकाला वाटलं गाडीला देवी आल्या.

घड्याळजींची मागणी साधी होती. दुपारचं ऊन समोरच्या काचेतून डोळ्यांत सुयांसारखं शिरायचं. ते अडावं, पण काच काळी होऊ नये. डोळे हेच त्यांचं भांडवल. केसाहून बारीक स्प्रिंग चिमट्यात धरणारा माणूस डोळ्यांना जपणारच. मुलगी म्हणायची, "बाबा, आता गाडी पुरे." ते म्हणायचे, "डोळे सांगतील तेव्हा सोडीन."

फिल्म लागली तेव्हा काच धुरकट दिसली. "आत पाणी आहे अजून," फुग्या रबरी पट्टी पुसत म्हणाला. "काही दिवसांत सुकेल. मग काच आहे की नाही हेसुद्धा कळायचं नाही."

पाणी सुकलं. भर दुपारी सुख होतं, पण दिवस कलला की रस्त्यावर कुणी राख उधळल्यासारखं दिसायचं. ते पुन्हा दुकानात गेले. फुग्या गाडीत बसला, मान पुढे काढून बराच वेळ बघत राहिला.

"मला तर लख्ख दिसतंय," तो म्हणाला. "वय झालं रे आपलं."

शंकेला बसायला पाट दिला, की ती जेवायला ताट मागते. घड्याळजी स्वतःच्या दुकानातही एकच स्क्रू दोनदा तपासू लागले. मग बायकांची नाजूक घड्याळं परत पाठवू लागले, "हात भरलेत" म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले नाहीत. डॉक्टरने नाव घेतलं की दुखणं घरी राहायलाच येतं, असं त्यांना वाटे.

आणि एका संध्याकाळी वळणावर सायकलवाला समोर आला. आला म्हणजे होताच. त्यांना तो अगदी जवळ आल्यावर दिसला. ब्रेक लागला. सायकलवाला हातभर अंतरावरून, खाली मान घालून, निघूनही गेला. घड्याळजी मात्र स्टिअरिंग धरून कितीतरी वेळ बसून राहिले. घरी येऊन त्यांनी किल्ली मुलीपुढे ठेवली.

"बरं झालं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हीच ठरवलंत ते." काय झालं, हे तिने विचारलं नाही.

मग वेळ खायला उठला. असेच एकदा दिवस मावळताना ते पाय मोकळे करायला निघाले आणि सवयीने फुग्याच्या दुकानाशी आले. आत त्यांचीच गाडी उभी होती. फुग्या गरम हवेचं यंत्र काचेवर धरून फिल्म सोलत होता. अर्धी काच उघडी झाली होती, अर्ध्या काचेवरून फिल्म सापाच्या कातीसारखी लोंबत होती. जमिनीवर पडलेला तुकडा घड्याळजींनी उचलला आणि डोळ्यांसमोर धरला. दुकान विझल्यासारखं झालं.

फुग्याने यंत्र बंद केलं.

"ही मी मागितलेली नाही," घड्याळजी म्हणाले.

"नाही."

"आता का काढतोयस?"

"पोरगी चालवणार ना गाडी. तिला संध्याकाळचं त्रास होतो म्हणाली." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. तो बादलीतला बोळा पिळत बसला. "तू यायच्या आधी तीच रडत आली होती रे. म्हणाली, काका, बाबा माझं ऐकत नाहीत, डोळ्यांचं ऐकतील. म्हणून गडद लावली. मला वाटलं, घाबरशील आणि गाडी सोडशील. रोज जीव मुठीत होता माझा."

"तुझा?" घड्याळजींचा आवाज चढला नाही. "सायकलवाला माझ्यापुढे आला होता, फुग्या."

फुग्याने बोळा बादलीत सोडला.

"तू आत बसून बघितलंस. लख्ख दिसतंय म्हणालास."

"म्हणालो."

"मी घड्याळं परत पाठवली. मला वाटलं..."

ते गाडीचं दार उघडून चालकाच्या जागी बसले. समोर अजून फिल्म होती. तिच्यातून रस्ता राखेचा दिसत होता. मग ते बाजूला झुकले आणि उघड्या अर्ध्या काचेतून पाहिलं. पलीकडच्या दुकानाची पाटी वाचता आली, खालची बारीक अक्षरंही. फुटपाथवर येणारी बाई कोण, ते लांबूनच कळलं. मुलगी होती. फुग्याकडे बघून तिने हात हलवला आणि हसली, काम फत्ते झाल्यावर माणूस हसतो तसं. ते हसू इतक्या लांबून इतकं स्वच्छ दिसायला नको होतं.

ती दाराशी आली आणि थबकली.

"बाबा? तुम्ही इथे?"

घड्याळजींनी खिडकीतून तळहात बाहेर काढला. "किल्ली दे."

तिने फुग्याकडे पाहिलं. फुग्या बादलीत पाहत होता.

"बाबा, घरी जाऊन बोलू या ना."

"बोलू. उरलेली अर्धी सोलून होऊ दे. मग मागे बस, मी नेतो घरी." त्यांनी हात मागे घेतला नाही. "आणि फुग्या, तो दिवा पेटव. आज मला दाखव."