फॅक्सच्या रकान्यातले मास्तर

मित्रांनो, माझ्याशिवाय या कंपनीचं पान हलत नाही. मी इथला डेटाबेस आहे. कंपनीला जे जे लक्षात ठेवावं लागतं, ते सगळं मी लक्षात ठेवतो. वयाने जुना आहे, पण स्मरणशक्ती अजून खणखणीत आहे. ही बढाई नाही, कोणालाही विचारा.

आमची कंपनी श्वासाचा त्रास असलेल्यांच्या घरी ऑक्सिजनची मशीनं पुरवते. मशीन विजेवर चालतं. वीज गेली की राखीव बॅटरी लागते, आणि ती वेळेवर पोचली नाही तर काय होईल हे तुम्हाला सांगायला नको. कोणाकडे कोणतं मशीन आहे, घर कितव्या मजल्यावर आहे, सगळं माझ्या पोटात असतं. मला एका थंडगार खोलीत ठेवलं आहे. खोलीचं दार थेट इथल्या प्रमुख ताईंच्या टेबलासमोर उघडतं, त्यामुळे ऑफिसातलं बोलणं मला आयतंच ऐकायला मिळतं.

मला घडवलं एका अबोल इंजिनिअरने. त्याने मोठ्या निगुतीने माझे रकाने आखले. नाव, पत्ता, फोन, फॅक्स. तेव्हा फॅक्सचा भारी रुबाब होता. काम संपल्यावर तो दुसऱ्या नोकरीवर गेला, आणि मग माझे हाल सुरू झाले.

कारण मला फक्त माझीच भाषा कळे. कोणता टेंपो कोणत्या घरी जाणार हे ताई ठरवतात. त्यांनी विचारावं, "अहो, पुलापलीकडे आपली किती मशीनं आहेत?" आणि कॉम्प्युटर विभागाने म्हणावं, "उद्या बघतो." उत्तर माझ्या ओठांवर असायचं, पण माझ्या भाषेत विचारणारं कोणी नसायचं. वर लोक मलाच संथ म्हणायचे. ऐकून माझं डोकं फिरायचं.

मग विभागात एक मुलगी आली. सगळ्यांत शेवटी आली म्हणून तिला सगळे धाकटी म्हणत. तिने एक एआय मदतनीस आणून मला जोडला. माणसांनी साध्या बोलीत विचारायचं, त्याने ते माझ्या भाषेत मला विचारायचं आणि माझं उत्तर पुन्हा साध्या बोलीत सांगायचं. मला वाटलं, आला हा टिकोजीराव, आता माझ्या घरात घुसून उलथापालथ करणार. पण धाकटीने त्याला आधीच बजावलं होतं, बघायचं, हात लावायचा नाही. वाचण्यापलीकडे त्याला कसलीच परवानगी नव्हती. पोरगी हुशार निघाली.

आणि काय सांगू, माझे दिवस पालटले. जो तो येऊन विचारू लागला. ताईंना चहा गार व्हायच्या आत उत्तर मिळे. मी खुशीत होतो.

एके दिवशी दुपारी वीज कंपनीचा निरोप आला. तारांच्या कामासाठी दुसऱ्या दिवशी पुलापलीकडची वीज दिवसभर बंद राहणार होती. ताईंनी मदतनिसाला विचारलं, "पुलापलीकडे कोणाकोणाला राखीव बॅटरी द्यावी लागेल?" त्या घरांची यादी लगेच समोर आली. ड्रायव्हरमामांनी बॅटऱ्या चढवल्या आणि टेंपो सुरू केला.

ताई सहज पुन्हा यादीतली नावं वाचत होत्या. मध्येच थांबल्या. "मास्तर कुठे गेले?"

मास्तर म्हणजे एक निवृत्त शिक्षक. पुलापलीकडे एकटे राहतात आणि मशीन त्यांना रात्रंदिवस लागतं. ताईंनी मदतनिसालाच विचारलं, मास्तर यात का नाहीत. तो म्हणाला, "त्यांच्या बॅटरीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाही, म्हणून मी त्यांना घेतलं नाही. पण त्यांच्या फॅक्सच्या रकान्यात आकड्यांऐवजी वाक्य आहे. ते वाचू का?"

ताईंचा चेहरा उतरला. "अगंबाई, ते तर मीच लिहिलंय."

गंमत अशी, मित्रांनो, की रात्रंदिवस चालणारी मशीनं आली तेव्हा त्यांची वेगळी नोंद करायला माझ्यात जागाच नव्हती. नवा रकाना कोण पाडणार? फॅक्स तर जगातूनच उठला होता. तेव्हा ताईंनी त्या रिकाम्या रकान्यात लिहायला सुरुवात केली, 'रात्रंदिवस. एकटे. बेल दोनदा वाजवा.' रात्रंदिवस म्हटलं की बॅटरी आलीच, म्हणून बॅटरीचा रकाना त्यांनी कोराच सोडला. साऱ्या ऑफिसाला ते माहीत होतं. इतकं माहीत होतं की नव्या माणसाला ते सांगायचं असतं, हेच सगळे विसरले.

"मी त्याला रकान्यांची नावं तेवढी शिकवली," धाकटी म्हणाली. "मला वाटलं, फॅक्स म्हणजे फॅक्स."

"तुला कोण सांगणार बाई? आम्हालाच ते आता फॅक्स वाटत नाही. मामांना थांबव आधी."

धाकटी जिना उतरून धावली. टेंपो फाटकाबाहेर पडला होता, तो तिने हात हलवून मागे बोलावला. तोवर ताईंनी मदतनिसाकडून तो अख्खा रकाना वाचून घेतला. मास्तरांसारखी आणखीही घरं त्यात निघाली. काळजीने माझासुद्धा पंखा जोरात फिरू लागला. उजेड असतानाच सगळ्या बॅटऱ्या पोचल्या. मग धाकटी माझ्यासमोर बसली, नवा रकाना पाडला, आणि ताईंना शेजारी बसवून एकेका रकान्यात खरोखर काय आहे ते मदतनिसाला समजावलं. इतक्या आपुलकीने माझी चौकशी आजवर कोणी केली नव्हती. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पुलापलीकडची वीज गेली. ताईंना राहवेना. त्यांनी मदतनिसाला विचारलं, "मास्तरांचं मशीन चालू आहे ना?"

तो म्हणाला, "बॅटरी पोचल्याची नोंद आहे. मशीन आत्ता चालू आहे का, ते मला माहीत नाही. त्यांना फोन करा."

खरं होतं ते. माझ्याजवळ मास्तरांचा पत्ता आहे, मजला आहे. त्यांचा श्वास माझ्याजवळ नाही. तेव्हा मला खुशाल विचारा, मित्रांनो, अगदी तुमच्या भाषेत विचारा. पण माझ्या कोणत्या कप्प्यात काय ठेवलंय ते नव्या माणसाला आणि नव्या मदतनिसालाही आधी सांगा. आणि माझं उत्तर मिळालं तरी कधीतरी फोनही उचला.

ताईंनी उचलला. घंटा बराच वेळ वाजली. शेवटी पलीकडून सावकाश आवाज आला, "चालू आहे हो. बोलतोय ना मी."