एडनाला तो शब्द कुठून माहीत होता

मी छत्तिसाव्या वर्षी संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा इंग्लंडमधल्या ग्रिम्सबी बंदरातल्या मासळीच्या कारखान्यात मला तेरा वर्षं झाली होती. पट्ट्यावरून कॉडचे तुकडे येत, आम्ही अठरा बायका त्यातले काटे काढत असू. शाळा सोडताना देतात ती इंग्रजीची ओ लेव्हल परीक्षा द्यायची, एवढंच माझ्या मनात होतं. शाळेत असताना ती राहून गेली होती. चहाच्या सुट्टीत मी पुस्तक उघडलं की पट्ट्याच्या टोकाला बसणारी एडना ब्लँचर्ड मोठ्यानं म्हणायची, "गप्प बसा गं सगळ्या, स्वॉटबाईंचा अभ्यास चाललाय!"

आणि सगळ्या हसायच्या. एडना पन्नाशीची, आवाज भोंग्यासारखा. ती हसली की मुकादमसुद्धा हसायचा.

स्वॉट हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. पुस्तकात नाक खुपसून बसणारा तो स्वॉट, आणि परीक्षेआधी रट्टा मारणं म्हणजे स्वॉटिंग. पण तो मलाच चिकटल्यावर पहिल्यांदा वाटलं, हा आला तरी कुठून? आमच्या वर्गाचे मास्तर, मिस्टर पार्जिटर, यांना मी विचारलं. ते खूश झाले. म्हणाले, "मला माहीत नाही, मिसेस ग्रँटहॅम. तुम्हीच शोधा आणि त्यावरच निबंध लिहा. अभ्यासू माणसाला लोक काय काय म्हणतात, ते गोळा करा."

मग मी जो भेटेल त्याला विचारत सुटले. माझा दीर दुसऱ्या महायुद्धात विमानतळावर मेकॅनिक होता. तो म्हणाला, "आम्ही तिथल्या शास्त्रज्ञांना बॉफिन म्हणायचो. चष्मेवाले, विसरभोळे. पण त्यांनी रडार आणलं ना, म्हणून चेष्टा जपून करायचो." चर्चमधले म्हातारे पाद्री मोठ्या निवासी शाळेत शिकलेले. त्यांच्याकडे असल्या मुलाला सॅप म्हणत. "आणि मी सॅप होतो," असं सांगताना त्यांचे कान लाल झाले. सत्तरी ओलांडली होती त्यांनी.

कारखान्यातल्या बायकांनाही नाद लागला. रोज कोणीतरी ओल्या हातानं माझ्या वहीकडे बोट दाखवून सांगे, "लिही, माझी मुलगी 'डोकं' म्हणते," "आमच्याकडे 'मास्तरांचा लाडका' म्हणायचे." एकटी एडना काही सांगत नव्हती.

एक दिवस विनी म्हणाली, "स्वॉट म्हणजे माशी मारायचं ते फडकं नाही का? पुस्तकावर सपासप डोकं आपटायचं, म्हणून."

सगळ्यांना ते पटलं. मी वहीत लिहायला घेतलं, तोच टोकावरून एडना म्हणाली, "काहीतरीच. स्वेटवरून आलाय तो. घाम. कुठल्यातरी बोलीत घामाला स्वॉट म्हणायचे."

"तुला काय माहीत?" विनीनं विचारलं.

"माहीत आहे," एडना म्हणाली आणि सुरी घासायला उठून गेली.

शनिवारी मी वाचनालयात गेले. सगळ्यात जाड शब्दकोश काढून घेतला. एडनाचं खरं होतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा शब्द, लष्करी शाळेतल्या मुलांच्या तोंडचा, घामावरून आलेला. गणितासाठी घाम गाळावा लागे, म्हणून. मी तिथंच बसून राहिले. एडनाच्या हातात मी कधी वर्तमानपत्रसुद्धा पाहिलं नव्हतं. हिला हे कुठून कळलं? शब्दापेक्षा आता मला एडनाचंच कोडं पडलं.

सोमवारी कपडे बदलायच्या खोलीत मी तिला गाठलं. "एडना, मी शब्दकोश बघितला. तू बरोबर होतीस."

"मग? बक्षीस आणलंस का?"

"तू कधी बघितलास?"

ती रबरी बूट काढत होती. एक काढून दुसऱ्याला हात घालून थांबली. "अकरा वर्षांची असताना. वर्गात मला म्हणायचे. म्हटलं, शिवी आहे तर निदान अर्थ तरी बघू."

"तुला? स्वॉट?"

"मोठ्या शाळेच्या शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाले होते मी, बाई. अख्ख्या गल्लीत एकटी. पत्र आलं, आईनं वाचलं, घडी करून घड्याळामागे ठेवलं. पाठची चार भावंडं होती. त्यांना कोण बघणार?"

मी विचारलं, "मग तूच मला रोज का चिडवतेस?"

एडनानं दुसरा बूट ओढून काढला. "चिडवायला लागल्यावर मी वर्गात तोंड उघडायचं सोडलं होतं. तू सोडतेस का, ते बघत होते."

"हा काय प्रकार झाला, एडना?"

"वाईट प्रकार आहे," ती म्हणाली. "कळतंय मला."

जूनमध्ये परीक्षा आली ती नेमकी गुरुवारी सकाळी. मुकादमानं सुट्टी द्यायला साफ नकार दिला. एडना त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "तिच्या जागी मी बसते. दोन्ही जागा सांभाळते. काटा राहिला तर माझं नाव लिही." तो काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. त्या दिवशी तिनं दोघींचं काम केलं. विनी सांगत होती, तिनं चहासुद्धा घेतला नाही.

मी पास झाले. फार वरच्या गुणांनी नाही, पण झाले. सप्टेंबरात नव्या वर्गाचा अर्ज मी एडनाच्या हातात ठेवला. तिनं तो एप्रनच्या खिशात कोंबला आणि दुसऱ्या दिवशी माशाच्या पाण्यात भिजून त्याचा लगदा झाला. मी दुसरा आणला. मग तिसरा.

"किती अर्ज आहेत तुझ्याकडे?"

"बरेच."

ती आली. "फक्त बघायला," असं म्हणून आली, कोट न काढता बसली, आणि पंधरा मिनिटांत मिस्टर पार्जिटरना अडवून म्हणाली, "मास्तर, फळ्यावरचं दुसरं वाक्य चुकलंय." चुकलं होतंच.

मला वाटलं होतं, आता ही माझ्यासारखीच परीक्षा देणार. वर्ष संपत आलं तेव्हा मी तिला फॉर्मबद्दल विचारलं. ती म्हणाली, "परीक्षा नको गं. एकदा पास झाले होते ना? मला आता फक्त जाणून घ्यायचंय."

आणि तेच ती करत राहिली. एका वर्षी रोमन लोक, एका वर्षी इटालियन, एक वर्ष मधमाश्या. गेल्या हिवाळ्यात ती दगडांच्या वर्गाला गेली. आता रविवारी आम्ही क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावर फिरायला जातो. पण फिरणं कसलं, दर दहा पावलांवर ती खाली वाकते आणि मी वाऱ्यात कुडकुडत उभी असते, तिच्या हातात काय आलंय ते बघत.