कपाटातला फोन

डबा भरून झाल्यावर सुनेने रोजच्यासारखाच फोन मागितला. "आईशी पाचच मिनिटं बोलते. ती एकटी असते."

"सातवा महिना लागलाय. फोनच्या लहरी पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत जातात," सासूबाई म्हणाल्या. "घरातला शिकलेला माणूस सांगतोय, तर ऐकावं की." त्यांनी फोन ठेवलेल्या कपाटाची किल्ली कमरेला खोचली. त्यांचा स्वतःचा फोन मात्र तेव्हाही कानाला लागलेलाच होता.

शिकलेला माणूस म्हणजे तिचा नवरा. तो डबा उचलून खाली मान घालून निघून गेला.

आता जरा मागचं सांगायला हवं. ही दोघं एकाच प्रयोगशाळेत कामाला होती. रक्तातलं नको ते मेंदूत शिरू नये म्हणून तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना पेशींचा घट्ट बांध असतो. मोबाइलच्या लहरींनी तो सैल होतो का, हे पाहायला दोघांनी उंदरांच्या मेंदूचे पातळ काप काचांवर घेतले होते. बांध झिरपला तर तपकिरी ठिपके दिसायचे. कुठला उंदीर मोबाइलजवळ ठेवलेला आणि कुठला नाही, ते मोजणाऱ्याला कळू नये म्हणून प्रत्येक काचेच्या नावावर कागद चिकटवायचा, अशी तिथली शिस्त. आधी मोजायचं, मग दोघांनी मिळून कागद काढायचे. त्यांनी कागद काढले तेव्हा थोडे ठिपके दोन्ही गटांच्या उंदरांत निघाले. 'एवढ्यावरून काही सांगता येत नाही,' असं त्याने वहीत लिहिलं आणि खाली दोघांनी सह्या केल्या.

पुढे लग्न झालं. पाचव्या महिन्यात घरच्यांनी तिला नोकरी सोडायला लावून घरी बसवलं आणि मग फोनही गेला. सासूबाईंना सुनेचं माहेरी बोलणं पहिल्यापासूनच खुपायचं, पण तसं तोंडावर म्हणता येत नव्हतं. मुलाने त्यांना कारण आयतं हातात दिलं. "बांध फुटतो," असं त्याने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. वाद नको म्हणून गप्प बसली, हे तिचं चुकलं.

तिने फोन मागितला त्याच दिवशी दुपारी सासूबाई बाहेर गेल्या होत्या. दारात तिच्या आईची शेजारीण आली. तिचे डोळे सुजलेले होते.

"फोन का उचलत नव्हतीस, बाई? काल दुपारी तुझी आई म्हणाली, हात जड झालाय, लेकीला विचारते दवाखान्यात जाऊ का. मग मी कामावर गेले. सकाळी दार उघडेना, म्हणून तोडलं." तिने सुनेचा हात धरला. "गेली गं ती."

सुनेने वरवंटा उचलला आणि कपाटाचं कुलूप फोडलं. फोन साड्यांखाली, चार्ज केलेला, पण आवाज बंद करून ठेवलेला. आईचे कालचे नऊ कॉल. शेवटी एक संदेश: 'जावयांशी बोलले. तू झोपलीस म्हणाले. उठलीस की कर.'

काल दुपारी ती झोपली नव्हती. बाळाची दुपटी शिवत बसली होती.

निरोप मिळताच नवरा धावत आला. ती चपला घालून दारात उभी होती.

"हात जड झालाय असं आई तुला म्हणाली होती?"

"म्हणाल्या होत्या. मला वाटलं, थकवा असेल."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू फोन मागितला असतास. घरात परत कटकट झाली असती." त्याचा आवाज बारीक झाला. "माझ्या आईच्या शब्दाबाहेर कसं जाणार? मी बाळाच्या काळजीपोटीच..."

"काळजी असती तर आधी या घरातले चार फोन बंद झाले असते. तुझा तर उशाशी असतो. ठिपके आपण दोघांनी मोजले होते. सासूबाई फसल्या असतील, मी समजू शकते. तू फसला नव्हतास. तू मला फसवलंस."

ती शेजारणीबरोबर निघाली. तेराव्यानंतरही ती परतली नाही. आईच्याच घरी राहिली आणि पोट सांभाळत पुन्हा कामावर रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने त्या वहीतलं ठिपक्यांचं पान कोऱ्या कागदावर उतरवलं, खाली दोघांची नावं घातली आणि सासूबाईंना पाठवलं.

मोबाइलने मेंदूचा बांध सैल होतो की नाही, ते शोधणारे शोधतील. पण वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरातल्या सुनेचा फोन आत्ता कुठे आहे? जाऊन बघा. आणि तो तिच्या हातात नसेल, तर तो का काढून घेतला याचं कारण तिच्यासमोर उभं राहून सांगून बघा.