मागच्या गल्लीचा उतार

बायको गेल्याचं मला कळलं तेव्हा मी शाळेच्या वर्गात, टेबलावर पसरलेल्या नकाशावर वाकून उभा होतो. शेजारीण दारात आली आणि घरी चला म्हणाली. तिच्या हातांना पीठ तसंच होतं. त्याच्या मिनिटभर आधी मी एक खोटं बोललो होतो.

आमच्या वस्तीचं सांडपाणी एका जागी नेऊन शुद्ध करायचं घाटत होतं. आम्ही दोघं इथे आलो तेव्हा नऊ घरं होती. ज्याचा त्याचा शोषखड्डा आणि मध्ये भरपूर मोकळी जमीन. आता दीडशे घरं झाली, खड्डे एकमेकांना खेटले, विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. मग इंजिनिअर बाई आल्या. मी चाळीस वर्षं इथले नळ आणि संडास बसवलेला प्लंबर, तेव्हा कुठल्या गल्लीचा उतार किती हे मोजून द्यायचं काम माझ्याकडे आलं.

उतार मोजायला मी जन्मभर एकच साधन वापरलं. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीला थांबतं, म्हणून ती धरायला दोन माणसं लागतात. लग्नाला महिना झाला नसेल, माझा कामावरचा जोडीदार सोडून गेला आणि दुसरं टोक हिने धरलं ते धरलंच. नळीतलं पाणी डुलायचं थांबलं की ती "बस" म्हणायची, मग मी भिंतीवर पेन्सिलीने खूण करायचो. मला नेहमी घाई. ती म्हणायची, तुम्हाला आहे, पाण्याला नाही.

सांडपाण्याची टाकी केवढी बांधायची ते ठरवायला बाईंना हवं होतं, वीस वर्षांनी इथे माणसं किती असतील. वस्तीच्या कमिटीतल्या कुणाला ते सांगता येईना. ही वही घेऊन दोन आठवडे घरोघर फिरली. लोक पाणीपट्टी वाढेल म्हणून माणसं कमी सांगत, तर ही दोरीवरचे वाळत घातलेले कपडे मोजून यायची. एका घरापुढे तिने लिहिलं होतं, "पाच आहेत. सासूसुनेचं पटत नाही, दोन वर्षांत वेगळी चूल, दुसरा संडास धरावा." इंजिनिअर बाई हसल्या, पण तो संडास त्यांनी हिशेबात धरला.

बाकी सगळ्या गल्ल्या आम्ही दोघांनी नळीने मोजल्या. राहिली मागची, अकरा घरांची. तोवर हिला चालताना दम लागायला लागला होता. मी म्हटलं, तिथलं सगळं पाणी ओढ्याकडे जातं, आंधळाही सांगेल. ती म्हणाली, नाही जात. तिने तिथे बादली ओतून पाहिली होती. बादल्या ओतून गटारं ठरायला लागली तर माझं दुकान बंदच करतो, असं मी तिला चिडवलं.  नंतर तिने दोनदा विषय काढला, मी दोन्ही वेळा कानाआड केला.

त्या दिवशी दुपारी मी बैठकीला निघालो तेव्हा ती पायरीवर नळी धूत बसली होती.

"अहो, जाता जाता मोजू या. दहा मिनिटांचं काम आहे."

"आल्यावर बघू," मी म्हणालो.

बैठकीत बाईंनी मागच्या गल्लीवर बोट ठेवून विचारलं, "काका, ही मोजली ना?"

"मोजली."

मग शेजारीण आली.

तीन आठवडे मी घराबाहेर पडलो नाही. चौथ्यात बादली भरून मागच्या गल्लीत गेलो आणि ओतली. पाणी जरा थबकलं आणि ओढ्याकडे पाठ करून वळलं. मी ठरवलेल्या उताराने पाइप टाकला असता तर अकरा घरांचा मैला त्यांच्याच न्हाणीत उलटून आला असता. मी तिथेच रिकाम्या बादलीवर बसलो. आयुष्यात तिच्याशी इतक्या गोष्टींवर हुज्जत घातली, त्यातल्या किती तिने अशा आधी ओतून पाहिल्या असतील कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाईंना सांगितलं, मी मोजली नव्हती. त्या रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी नकाशावर त्या गल्लीभोवती पेन्सिलीने गोल केला. तिथे सांडपाणी गोळा करायला वेगळी विहीर आणि ते उपसायला पंप लागेल, पण त्यासाठी नेमका उतार हवा, आणि नकाशा महिनाअखेरीला मंजुरीसाठी पुढे जाणार, असं त्या म्हणाल्या. मग पेन्सिल खाली ठेवून म्हणाल्या, "दुसरं टोक मी धरते, काका."

मी "उद्या" म्हणालो. त्याला सहा दिवस झाले. महिना संपायला चार उरलेत.

तिने धुतलेली नळी पायरीजवळच्या खिळ्याला आहे. मागची गल्ली अजून मोजायची आहे.