डावा खांदा

हैबतीने ओला फडका वाघजाईच्या डाव्या खांद्यावरून फिरवला, पिळला आणि पुन्हा फिरवला. तिथे काही नव्हते. काळा दगड, शेंदराचा जुना थर आणि फडक्याचा ओलावा. तरी त्याने वाकून खांद्यामागच्या खाचेत बोट घातले, बोट उजेडात धरून पाहिले. वर्षभर त्याची हीच रीत झाली होती. पूजा उजव्या अंगाने करायची, पण हात आधी डावीकडे जायचा.

“बाबा, फुलं आनलीत.”

तो दचकला. उंबऱ्याबाहेर बयाबाई उभी होती. हातात केळीचे पान, पानावर तगरीची फुले. तिच्या परसातली तगर बारमाही फुलायची, म्हणून कौलाची फुले तिच्याकडूनच यायची. गेल्या साली कौल तिच्याविरुद्ध गेला, तेव्हाही तिनेच आणून दिली होती.

“ठेव गो तिथं.”

फुले ठेवून ती गेली नाही. पदर सारखा करत उभी राहिली.

“ग्रामसेवक आज येनार ना?”

“येनार म्हनतो कुशाबा. पेट्यांचं काय ते आज मिटवायचं.”

“मंग माझ्या नावानं कौल लावू नका.”

पेट्या म्हणजे मधमाश्यांच्या. गेल्या साली घाटावरच्या ग्रामोद्योगवाल्यांनी पोलादपूरच्या वरच्या गावांना त्या देऊ केल्या होत्या. गावाला दहा पेट्या, निम्मे अनुदान, निम्मे कर्ज, ते मध विकून फेडायचे. अट एवढीच, की गावाने एकच नाव द्यायचे आणि त्याच्या पाठीशी उभे राहायचे. वाडीत नावे दोन निघाली. एक बयाबाईचे. तिचा बाप मध काढणारा. डोळे झाकून ती हिरड्याचा मध आणि जांभळीचा मध वेगळा सांगायची. नवरा मुंबईला गिरणीत वारला, पदरात एक पोर, सोनबा. पेट्या मिळाल्या तर पोराला मुंबईला धाडावे लागणार नाही, एवढाच तिचा हिशेब. दुसरे नाव मुरारीचे, हैबतीच्या एकुलत्या मुलाचे. मुरारीने जन्मात माशीला हात लावला नव्हता, पण त्याची नजर सारखी मुंबईच्या गाडीकडे असायची, आणि हैबतीला तो इथे हवा होता.

बैठकीवर बैठक झाली. भावकी भावकीशी बोलेना. शेवटी वाडीचा मुख्य, गावकर कुशाबा म्हणाला, देवीला विचारा. ग्रामसेवक महाडचा, कोवळ्या वयाचा. तो हसला होता.

“मी वर काय कळवू? देवीची शिफारस आहे म्हणून?”

“तुमच्या सायबापेक्षा मोठी सही हाय ती,” कुशाबाने सुनावले होते.

पुजाऱ्याचाच पोरगा उभा आहे, याचे कुणाला काही वाटले नाही. वाघजाई माणसाचे तोंड बघत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. देवीचे दोन्ही खांदे ओले करायचे, दोन्हीवर एकेक फूल चिकटवायचे. उजवे मुरारीचे, डावे बयाबाईचे. ज्याचे आधी गळेल त्याला देवीचा होकार. उजवे गळले. पंचवीस माणसांच्या देखत गळले.

“नाव लावू नका म्हंजे काय?” हैबती आता म्हणाला. “वाडीत दुसरं कोन हाय माश्यांचं जाननारं? मुरारीनं काय केलं ते बघितलंस ना?”

वाडीने ते बघितले होते. पहिल्याच आठवड्यात मुरारीचे तोंड भोपळ्यासारखे सुजले आणि पोरेटोरे त्याला गणपती म्हणू लागली. पुढे सहा पेट्यांतल्या माश्या उठून गेल्या. शिमग्याआधी एका पहाटे मुरारीही गेला, पोलादपूरला एसटीत बसून. उरलेल्या चार पेट्या हैबतीच्या परसात होत्या. त्याची सून आवडी लांबूनच त्यांना हात जोडायची.

“बघितलं,” बयाबाई म्हणाली. “पन देवीनं एकदा नाय म्हटलंय. तिला दुसऱ्यांदा इचारायचं मला धाडस नाय.”

“अगो, कौल बदलतो.”

“नाय बाबा. तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुनाला नाय सांगितलं.” ती उंबऱ्याशी बसली. “मी तेव्हा लहान. बा मला घेऊन देवीच्या राईत गेलता. बा झाडावर, मी खाली पेटता पलिता धरून. माझा हात हलला. अख्खं पोळं जळलं, आतल्या पिल्लांसकट. देवीच्या राईतलं. बा म्हनाला, कुठं बोलू नको. नाय बोलले. पन तिनं बघितलं व्हतं ना.”

हैबतीने फडका पिळायला घेतला. त्यात पाणी उरले नव्हते.

“कौलाच्या दुसऱ्या दिशी मी परत आलते,” ती म्हणाली. “म्हटलं बघावं तरी. तर माझं फूल तसंच. सुकलं, काळं पडलं, तरी गळलं नाय. आनि त्याला मुंग्या. रांगच्या रांग, देवीच्या अंगावरनं. तुम्ही कधी बघितल्यात मुंग्या देवीच्या अंगावर?”

“नाय,” हैबती म्हणाला.

“तेव्हाच समजले मी. त्या दिवसापास्नं गोड सोडलंय. गूळ नाय, मध नाय, सनाची पोळी नाय. पोराला लालबागला धाडला, खानावळीत ताटं घासायला. म्हटलं, ही पन शिक्षाच हाय, भोगावी.”

हैबतीचे तोंड उघडले. वर्षभर जे घशाशी येऊन परत जात होते ते आज जिभेपर्यंत आले. पण बाहेर पडले ते वेगळेच.

“तू येऊन बस फकस्त. लांब बस वाटल्यास. पन ये.”

ती उठली, बाहेरूनच हात जोडले आणि उतरून गेली.

ती दिसेनाशी झाल्यावर हैबती देवीसमोर बसला. गेल्या सालचा तो दिवस त्याला फडक्याच्या विणीसारखा धागा न् धागा दिसत होता. ग्रामसेवक पाहुणा, म्हणून आवडीने गुळपाणी आणले होते. भांड्याच्या तळाशी विरघळलेल्या गुळाचा दाट थर. आत देवीजवळ फक्त पुजारी जातो. त्याने खांदे ओले केले, उजवा तांब्यातल्या पाण्याने, आणि डाव्याला आधी त्या थरात बुडवलेली दोन बोटे लावली. क्षणाचे काम. देवी बघत होती, पण देवी बोलत नाही, हे पुजाऱ्याइतके कुणाला माहीत? फूल थोडे उशिरा गळावे, एवढेच त्याला हवे होते. दुसऱ्या दिवशी तापाने फणफणून तो देवळात आलाच नाही, आणि तिसऱ्या दिवशी येऊन पाहिले तर मुंग्या. त्याने त्या पुसल्या. बयाबाई त्याआधीच येऊन गेली होती, हे त्याला आज कळले.

दुपार कलल्यावर माणसे जमली. ग्रामसेवक सायकल खाली ठेवून धापा टाकत चढून आला. आवडीने त्याला गुळपाणी दिले.

“यंदा तरी मिटवा बाबांनो,” ग्रामसेवक म्हणाला. “नाव मिळालं नाही तर पेट्या परत न्यायला सांगितल्यात. पुढं तुमच्या वाडीला कोणी काही देणार नाही. आणि मागच्यासारखा माश्यांना भिणारा गडी नको.”

“माश्यांना नाय भ्याला तो,” कोणीतरी मागून म्हणाले, “बायकोला भिऊन पळाला.”

हशा पिकला. आवडी पदर तोंडाला लावून देवळामागे गेली. हैबतीला ते हसणे ऐकू आले नाही. तो खालच्या पायवाटेकडे बघत होता. बयाबाई आली. सगळ्यांच्या मागे, पिंपळाच्या मुळीवर बसली.

“नाव एकच हाय,” कुशाबा म्हणाला. “बयाबाई. द्यायचं तर उजवं. नाय तर डावं, आनि पेट्या गेल्या घाटावर. लाव, हैबती.”

हैबती भांडी उचलून आत गेला. तांब्या, फुलांचे पान, आणि ग्रामसेवकाने अर्धे ठेवलेले गुळपाणीही. का उचलले, ते तो स्वतःला सांगत नव्हता. वर्षभर त्याने शपथ पाळली होती, की पुन्हा नाही. पण आज साधे पाणी लावून डावे फूल आधी गळले तर? मग ती जन्मभर त्या जळलेल्या पोळ्याखाली दबून राहील, आणि पोर खानावळीत. देवीला एकदा फसवले ते लेकासाठी. आज फसवायचे ते फसवणूक निस्तरण्यासाठी. पाप पुसायला त्याच्याकडे दुसरे बोट नव्हते. त्याने तेच बोट गुळपाण्याच्या तळाशी घातले आणि डाव्या खांद्यावर फिरवले.

फुले लावून तो बाजूला झाला. कुशाबाने गाऱ्हाणे घातले. माणसे गप्प झाली. वारा नव्हता. ग्रामसेवकसुद्धा टोपी काढून उभा राहिला.

उजवे फूल थरथरले, जरा घसरले, थांबले, आणि गळून देवीच्या पायाशी पडले.

“उजवं!” एकच गलका झाला. कुशाबाने वळून हाक मारली, “ये गो बये, पुढं ये. देवी पावली तुला.”

माणसांनी वाट दिली. बयाबाई उंबऱ्यापर्यंत आली. हैबती तिच्या तोंडाकडे बघत होता. तिथे आता हसू फुटेल, वर्षभराचे ओझे उतरेल, हे बघण्यासाठीच त्याने सगळे केले होते. पण तिचे डोळे कोरडे राहिले.

“म्हंजे फिटलं,” ती म्हणाली, त्याला एकट्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. “माझं पोर लांब नेलं, तेव्हा फिटलं तिचं.”

गळलेले फूल प्रसाद म्हणून तिच्या ओंजळीत घालायचे, ही रीत. तो वाकला, फूल उचलले आणि हातातच धरून राहिला.

“दे की रे,” कुशाबा म्हणाला.

हैबतीने उजवे फूल परत देवीच्या पायाशी ठेवले. मग हात वर नेऊन डाव्या खांद्यावरचे फूल काढले. ते सहज सुटले नाही. देठाबरोबर शेंदराची पापडी निघाली. ते त्याने बयाबाईच्या ओंजळीत ठेवले.

“अरे, डावं कशाला?” कुशाबा म्हणाला. “म्हातारा पार बावचळला.”

बयाबाईनेही आधी नवलाने पाहिले. मग तिने फूल एका तळहातावरून दुसऱ्यावर घेतले, तर ते पहिल्या तळहाताला चिकटून राहिले. तिने अंगठा बोटावर घासला, सोडवला, पुन्हा घासला. बोट नाकाशी नेले. घटकाभर ती तशीच उभी राहिली, माश्यांची वाट ऐकावी तशी मान तिरकी करून. मग सगळ्या वाडीच्या देखत तिने ते बोट जिभेला लावले.

हैबतीने मान खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती, तरी नाही घातली.

बयाबाईने त्याच्याकडे पाहिले. नंतर नजर त्याच्यावरून काढून देवीच्या डाव्या खांद्यावर नेली आणि बराच वेळ तिथेच ठेवली. मागे कोणीतरी खोकले.

“बाई,” ग्रामसेवक म्हणाला, “तुमचं पूर्ण नाव सांगता ना?”

ती वळली. तिने नाव सांगितले, नवऱ्याचे, सासऱ्याचे, सगळे स्पष्ट. मग म्हणाली, “चार पेट्या जित्या हायत, त्या आजच माझ्या परसात न्या. सहा रिकाम्या हायत त्या मी भरीन. आनि कुशाबा, तुमचा भाचा उद्या मुंबईला निघालाय ना? माझ्या सोनबाला सांगावा द्या. आईनं बोलावलंय म्हनावं. जाऊ नको म्हनून तेव्हा सांगायचं राहिलं, ये म्हनून आता सांगते.”

“धाडतो की. पन देवीला काय बोलतेस? एवढा कौल दिला तिनं.”

बयाबाईने पुन्हा डाव्या खांद्याकडे पाहिले.

“बोलते ना. हितनं पुढं वाडीत कौल लागेल तेव्हा फुलंही माझी आनि पानीपन माझंच. ओढ्यावरनं मी भरून आननार. दुसऱ्या कुनाचं पानी देवीला लागायचं नाय.”

“वा गो वा!” कुशाबा माणसांकडे वळला. “बघा, नवस बोलावा तर असा.”

माणसांनी माना डोलावल्या. हैबतीनेही डोलावली. त्याची ओली बोटे एकमेकांना चिकटत होती.

मंडळी पेट्या उचलायला त्याच्या घराकडे निघाली. आवडी पुढे, तिला तर हायसेच वाटत होते. देवळात दोघेच राहिली. बयाबाई गेली नाही. ती ओढ्यावर उतरली आणि भरलेला तांब्या घेऊन परत आली. पुजाऱ्यावाचून आत जायचे नाही, म्हणून उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने तांब्या धरलेला हात आत केला.

“धुवा,” ती म्हणाली.

देवीच्या पायथ्याशी पहिल्या मुंग्या आल्या होत्या. हैबतीने दोन्ही तळवे तांब्याखाली धरले, भरले, डाव्या खांद्यावर ओतले, चोळले आणि पुन्हा तळवे घेऊन तिच्यासमोर आला. तिने पुन्हा ओतले. तांब्यातले पाणी संपेपर्यंत ती हात आत धरून उभी होती.