चोवीस भोकांचा बूट

मी एक जुना बूट आहे, डाव्या पायाचा. उजवा माझ्या शेजारीच असतो, पण तो पहिल्यापासून अबोल. म्हणून आमच्या दोघांची कहाणी मलाच सांगावी लागते.

माझा जन्म विलायतेतला. जाड चामडे, घोट्याच्या वर जाणारी उंची आणि नाडी ओवायला चोवीस भोके! मार्थाबाई मिशनच्या डॉक्टरीण होऊन हिंदुस्थानात निघाल्या, तेव्हा वडीलधाऱ्यांनी त्यांना बजावले, "तिथे साप फार. घरात असा की बाहेर, बूट काढू नका." बाई शब्दाच्या पक्क्या. मला तर स्वर्ग दोन बोटे उरला.

ठाण्याला आगगाडी येऊन तेव्हा पंचवीस-तीस वर्षे झाली होती. वर्षभर आम्ही नौपाड्यात आणि कोळीवाड्यात औषधे घेऊन हिंडलो. सोबत शकूबाई असत. त्या इथल्याच, ख्रिस्ती झालेल्या. आम्ही खुशाल उंबरठा ओलांडून चुलीपर्यंत जात असू. आमची पाठ वळली की घरातली बाई जमीन शेणाने सारवायला घेई.

"किती स्वच्छ माणसं ही!" मार्थाबाई कौतुकाने म्हणत. शकूबाई खाली मान घालत.

एका सकाळी गोमाजी कोळी धापा टाकत आला. त्याची सून सरस्वती दोन दिवस अडली होती आणि सुईणीने हात टेकले होते. आम्ही चिखल तुडवत धावलो. दारात गोमाजीची बायको सगुणा उभी होती. तिने दोन्ही हात चौकटीला लावले.

"बाय, तुझं पाय माझे माथ्याव," ती म्हणाली. "पन ती चामऱ्याची पायतनं भायेर काढ. घरान देव हाय, न माझी सून हाय."

"पण साप असले तर? मला बूट काढायची मनाई आहे," बाई म्हणाल्या.

तेव्हा शकूबाईंना राहवले नाही. "बाई, मी आधीच बोलायला हवं होतं. आपण गेल्यावर लोक सारवतात ना, ते या बुटांमुळं."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. आत सरस्वती कण्हत होती. ते कण्हणे एकाएकी थांबले.

बाई मटकन पायरीवर बसल्या आणि नाड्या ओढू लागल्या. चिखलाने गाठी अशा बसल्या होत्या की सुटता सुटेनात. ज्या भोकांचा मला एवढा तोरा, त्यांनीच मला पायाला जखडून ठेवले होते. मी लाजेने चूर झालो.

"कापा!" बाई ओरडल्या. गोमाजीने जाळे कापायची सुरी घेतली आणि सरसर नाड्या कापल्या. सगुणेने बाईंच्या पायांवर ऊन पाणी ओतले.

"ये बाय, भिऊ नको. साप नाय घरान, कोना न् कोना मी झारलाय," ती म्हणाली आणि दारातून बाजूला झाली.

आयुष्यात पहिल्यांदा मी बाहेर राहिलो. एक कोंबडी मला चोच मारून गेली. ऊन चढले. मला आतले काही दिसत नव्हते आणि भीती मात्र वाटत होती. मग बाळाचा ट्यांहा ऐकू आला. गोमाजी माझ्याशेजारी मातीतच बसला आणि ढसाढसा रडला.

थोड्या वेळाने दाराशी येऊन शकूबाईंनी विचारले, "सरस्वतीला येशूची गोष्ट सांगू का? आज ती ऐकेल."

"आज नको," बाई म्हणाल्या. "आज तिला नको म्हणता येणार नाही."

गोमाजीने जाळ्याच्या सुताने मला बांधून दिले आणि तसेच आम्ही परतलो. विलायतेहून पुढे येणार असलेल्या नर्सबाईंना मार्थाबाईंनी त्याच दिवशी पत्र लिहिले. 'बूट जरूर आणा, वाटेत चिखल आणि काटे आहेत. पण चटकन काढता येतील असे आणा. दाराशी थांबा आणि विचारा. घर त्यांचे आहे.' मग त्यांनी स्वतःसाठीही बिननाडीचे बूट शिवून घेतले आणि आमची रवानगी माळ्यावर झाली.

खोटे कशाला सांगू, वाईट वाटले. कधी तेल नाही, कधी फडके नाही. चामडे पार तडकले. तुमच्या जुन्या बुटांना असे विसरू नका. पण मित्रांनो, माळ्यावर पडल्यापडल्या मला दुसरेच आठवते. वर्षभर मी न विचारता किती घरांत शिरलो, किती बायांना वाकून जमीन सारवायला लावले. त्या एका शब्दाने बोलल्या नाहीत, आणि ते मी माझे कौतुक समजलो. त्यांची माफी मागायची राहून गेली. ती आज तुमच्यासमोर मागतो.