सकाळची पाळी

दुपारी चार वाजता त्याने जिन्याखालच्या खोलीचे दार उघडले, खुर्ची पुढे ओढली आणि कळ दाबली. पडदा उजळला. त्यावर दोनच शब्द होते: ‘पाळी आपली.’

चटका बसावा तसा त्याने हात मागे घेतला.

पाळी त्याची असणे शक्य नव्हते. सतरा दिवसांपूर्वी, गुरुवारी, याच वेळी आपली खेळी संपवून त्याने डाव दादाच्या हवाली केला होता. आणि शुक्रवारी पहाटे, डाव तसाच असताना, दादा गेला. त्यानंतर या खोलीत कोणी आले नव्हते. तरीही नकाशाच्या उत्तरेला दादाचे घोडदळ दोन घरे पुढे सरकले होते, डोंगराच्या आडोशाने, थेट न येता. दादा नेहमी तसाच येत असे.

डाव जुना होता. दोन राज्ये, एक नकाशा, एक संगणक, एक खुर्ची. एक पाळी म्हणजे राज्यातला एक महिना. दादा वरच्या मजल्यावरून सकाळी आठला उतरे आणि आपला महिना चालवून जाई. धाकटा दुपारी चारला बसे. एकमेकांच्या पाळीला दुसऱ्याने खोलीत थांबायचे नाही आणि संगणक कधी बंद करायचा नाही, हे दोन नियम. बोलणे बंद झाल्यावर हेच एक येणेजाणे उरले होते. चार वर्षांपूर्वी दादा परगावी असताना वडिलांची शस्त्रक्रिया करायला धाकट्याने संमती दिली, आणि वडील टेबलावरून उठले नाहीत. “मला विचारायला हवं होतंस,” एवढेच दादा म्हणाला. धाकट्याने त्यावर तासभर युक्तिवाद केला, मुद्द्यामागून मुद्दा, आणि दादा एकाही मुद्द्याला उत्तर न देता जिना चढून गेला.

“दोघा भावांमध्ये विस्तव जात नाही,” धाकट्याची बायको म्हणायची, “पण खुर्ची मात्र बरोब्बर जाते!”

त्या भांडणाच्या आठवड्यातच दादाने डावात त्याचा नदीमुखावरचा किल्ला घेतला होता. पुढे मधूनमधून तो परत देण्याचा प्रस्ताव येई. खेळातले निरोप तयार वाक्यांतून निवडायचे असत. दादा नेहमी एकच वाक्य निवडी: ‘किल्ला परत घ्यावा. अट नाही.’ अट नसलेला प्रस्ताव म्हणजे सापळाच, असे ठरवून धाकटा दर वेळी ‘अमान्य’ दाबी. त्या गुरुवारी मात्र प्रथमच त्याचे बोट अडले. त्याने ‘मान्य’ही दाबले नाही. वर जाऊन विचारावे, दादा, हे खरंच का, असे त्याच्या मनात आले. चौदा पायऱ्या होत्या. रविवारी जाऊ, असे म्हणून त्याने उत्तर न देताच पाळी संपवली.

आता त्याने एक साधी खेळी केली, धान्याचे एक कोठार बांधले, आणि पाळी पुढे दिली.

सारी उमर त्याने वजनमाप खात्यात निरीक्षक म्हणून काढली होती. डोळ्यांपेक्षा शिक्क्यावर विश्वास ठेवायचा, ही सवय अंगात मुरलेली. कपाटातून त्याने शिक्का उमटवायची जुनी पकड काढली, खोलीच्या कडीतून तार ओवली आणि तिच्या टोकांवर शिशाची गोळी दाबून बसवली.

“आता खोलीलाही वजनात धरलंत का?” बायकोने विचारले.

“कोणी आत गेलं तर कळावं म्हणून.”

“कोण जाणार आहे? वहिनींना वरून खाली यायला गुडघे साथ देत नाहीत, आणि मला तुमच्या राज्यात रस नाही.”

सकाळी आठला तो दाराबाहेर स्टूल टाकून बसला. पाऊल वाजले नाही. खुर्ची ओढल्याचा आवाज आला नाही. चार वर्षे तो आवाज त्याने भिंतीपलीकडून रोज ऐकला होता. चार वाजता त्याने गोळी तपासली. तिच्यावरची खूण जशीच्या तशी होती. तार तोडून तो आत गेला.

‘पाळी आपली.’

आणि त्याखाली: ‘किल्ला परत घ्यावा. अट नाही.’

इतकी वर्षे ज्या वाक्यात तो सापळा शोधत आला, त्या वाक्यात आता शोधायला माणूसच नव्हता. त्याने प्रस्तावाला हात लावला नाही. घाईघाईने पाळी संपवली आणि चपला न घालताच तो जिना चढला.

वहिनी खिडकीशी बसून दादाचे सदरे घड्या घालून ठेवत होत्या.

“वहिनी, एक विचारू?”

“विचारा की, भाऊजी. परवानगी कसली मागता? तुम्ही काय माझी वजनं तपासायला आलात?”

“दादा सकाळी खाली येऊन काय करायचा?”

“बसायचे.”

“खेळायचा ना?”

“डोळे असते तर खेळले असते.” वहिनींनी हातातला सदरा मांडीवर ठेवला. “तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? तीन वर्षं झाली. मधलंच दिसेनासं झालं होतं, कडेकडेचं तेवढं दिसायचं. जिना उतरता यायचा, अक्षर वाचता यायचं नाही. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती मला.”

“का?”

“कीव केली असतीत. मग डाव कसला उरला?”

त्याने खाली घसरलेला एक सदरा उचलून त्यांच्यापुढे ठेवला.

“त्या खेळात कोणी कारभारी असतो म्हणे,” वहिनी म्हणाल्या. “आपल्या जुन्या खेळ्या बघतो आणि आपल्यासारखाच खेळतो. डोळे पुरते जायच्या आधी यांनी त्याला आठाची वेळ लावून दिली, आणि रोज त्या वेळेला खाली जाऊन नुसते बसायचे. मी म्हणायची, अहो, यंत्र खेळतंय, तुम्ही कशाला पाय दुखवता? तर म्हणायचे, धाकट्याला खुर्ची ओढल्याचा आवाज गेला पाहिजे.”

“म्हणजे किल्ला परत द्यायचा तो कारभारी. दादा नाही.”

“तुमचे किल्ले मला काय कळतात! पण पहिल्या वर्षी, नजर धड होती तेव्हा, तीनदा वर येऊन म्हणाले होते, आज परत दिलाय, बघू घेतो का.” त्या पुन्हा घडी घालू लागल्या. “यंत्र तरी नवं कुठून आणणार, भाऊजी? यांचंच बघून शिकलेलं ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला तो खुर्चीत बसला. दादाच्या वेळेला त्या खोलीत तो प्रथमच बसत होता. आज ना उद्या आठाला प्रस्ताव येईल आणि आपण ‘मान्य’ दाबू, एवढेच काम होते. पण तपासनिसाचा जुना काटा मनात हलला. समोरच्या पारड्यात कारभारी आणि या पारड्यात आपण हाडामांसाचे, हे माप बरोबर नव्हते. दोन्हीकडे एकाच जातीचे वजन हवे. दोन भावांना जे साधले नाही ते दोन कारभाऱ्यांना साधू दे. आपण दादासारखे नुसते बसू.

त्याने आपल्या बाजूचा कारभारी नेमला. प्रत्येक निरोपाला तत्काळ उत्तर द्यावे, अशी आज्ञा त्याने निवडली.

‘आपल्या मागील खेळ्या वाचत आहे,’ पडद्यावर अक्षरे उमटली. महिन्यांमागून महिने, चार वर्षांचे, भराभर सरकत गेले. ‘आपली पद्धत समजली.’

त्याने हात मांडीवर ठेवले. दोन मिनिटे होती. बाहेर रस्त्यावर कोणीतरी गाडी पुसत होते. ओल्या फडक्याचा आवाज येत होता. त्याला फार दिवसांनी हलके वाटले.

आठ वाजले. उत्तरेला घोडदळ एक घर मागे सरले, आणि पडद्याच्या मधोमध वाक्य उभे राहिले:

‘किल्ला परत घ्यावा. अट नाही.’

त्याच्या कारभाऱ्याने विचारात क्षणही घालवला नाही.

‘अमान्य.’

त्याचा हात पुढे झेपावला, पण तोवर महिना संपला होता आणि नकाशा शांत झाला होता. दादाच्या राज्यापुढची जी लहानशी खूण तो तीन वर्षे नक्षी समजत आला होता, ती कारभाऱ्याची खूण आता दोन्ही राज्यांच्या नावांपुढे लुकलुकत होती.

“अहो, आज सकाळीच?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारले. “आता पाळी कोणाची आहे?”